चहाला विष म्हणणाऱ्यांनी आधी घड्याळ बघावं

घाटावरची: काल इथे एकाने लिहिलं, 'चहा विष आहे. अंगातलं पाणी ओढतो, रक्त आटवतो. गुळाच्या चहावर या.' डोकं फिरलं. रोज तीन-चार कप घेणाऱ्याचं पाणी चहाने आटत नाही. भानगड वेळेची आहे. भाजी-डाळीतल्या लोहाला चहातलं टॅनिन धरून ठेवतं, मग ते अंगी लागत नाही. अमेरिकेतल्या 1983 सालच्या अभ्यासात जेवणाबरोबरच्या चहाने लोहाचं शोषण 64 टक्क्यांनी घटलं, कॉफीने 39. आपल्याकडे निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय आहे. चहा प्या, पण जेवणापासून तास-दीड तास लांब. ताटात लिंबू पिळा, त्याने लोह अंगी लागतं.

सांगलीकर: ती पोस्ट माझीच. 'विष' मागे घेतो, बाकी काही नाही. वडिलांनी साखर सोडून गूळ धरला, पित्त गेलं. गुळात लोहही असतं.

घाटावरची: आणि ते लोह तुम्ही चहातच घालताय! गूळही साखरच. 'गुळाचा चालतो' म्हणत शेजाऱ्यांनी माझ्या सासूबाईंना दिवसभर पाजला. तीन महिन्यांची साखर तपासली तेव्हा डॉक्टर आमच्यावर ओरडले.

गुऱ्हाळवाला: गुळाला नावं ठेवू नका. पिवळाधमक गूळ मागता म्हणून रस उकळायच्या काहिलीत हायड्रॉस, म्हणजे रंग उजळवणारी रासायनिक पावडर, पडते. आम्ही भेंडीच्या रसाने मळी काढतो, गूळ काळपट निघतो, तर बाजारात भाव पाडून मागतात.

सांगलीकर: हेच म्हणतोय! शुद्ध गूळ...

घाटावरची: शुद्ध असला तरी साखर वाढणारच. किती वेळा सांगायचं?

गुऱ्हाळवाला: मधुमेहींनी खावा असं मी कुठे म्हटलं? हायड्रॉसबद्दल बोला की.

खुरपं: तुमचा गूळ राहू द्या बाजूला. तास-दीड तास थांबा हे कुणाला सांगताय? आमच्याकडे बायका पहाटे चहात भाकरी कुस्करून खातात आणि खुरपणीला जातात. तेच जेवण. दुपारीही भूक मारायला चहाच. माझ्या आईचं हिमोग्लोबिन कधी वर आलंच नाही आणि तिला सगळे 'पालेभाजी खा' एवढंच सांगत राहिले.

घाटावरची: हे माझ्या लिहिण्यात नव्हतं, मान्य. पण म्हणून टॅनिन खोटं ठरत नाही.

खुरपं: खोटं कोण म्हणतंय? लोहाच्या गोळ्या वाटतात ना, त्या आमच्या बायका चहाच्या घोटाबरोबर गिळतात. पाण्याने घ्या, जमलं तर लिंबू पिळून घ्या, हे गोळी हातावर ठेवतानाच सांगा. तेवढं आमच्याकडे जमेल.