अल्फा रोमिओ जीटीव्ही मध्यस्थाविना विकायची आहे, सल्ला हवा

लेस्टरकर (प्रश्न)

नमस्कार. मी इंग्लंडमध्ये लेस्टर येथे राहतो. माझ्याकडे 2000 सालची अल्फा रोमिओ जीटीव्ही आहे. तिचे इंजिन तीन लिटरचे, सहा सिलिंडरांचे आणि 24 व्हॉल्व्हचे आहे. अकरा वर्षे ती मी रात्री कायम गॅरेजमध्ये ठेवली आणि प्रत्येक कामाची पावती एका जाड फाइलमध्ये लावत गेलो. कॅमबेल्ट (इंजिनातील व्हॉल्व्ह वेळेवर उघडझाप करवणारा पट्टा) आणि त्याच्याबरोबर पाण्याचा पंप तीन वर्षांपूर्वी बदलून घेतला आहे. आता गुडघ्यांनी दगा दिल्यामुळे इतक्या खाली बसून क्लच दाबणे जमत नाही, म्हणून नाइलाजाने ती विकायचे ठरवले आहे.

जुन्या गाड्यांच्या एका व्यापाऱ्याने माझ्या अपेक्षेच्या निम्मी किंमत सांगितली, आणि फाइल तर त्याने उघडूनही पाहिली नाही. त्यामुळे स्वतः जाहिरात देऊन विकावी असे वाटते. पुढच्या सस्पेन्शनची रबरी बुश थंडीत कुरकुरतात आणि डाव्या सिलच्या (दाराखालच्या पत्र्याच्या) मागच्या टोकाला थोडा गंज आहे, ज्याची नोंद गेल्या एमओटीत, म्हणजे दरवर्षीच्या सक्तीच्या तपासणीत, सूचना म्हणून झाली आहे. हे दोष जाहिरातीतच लिहावेत का? परक्या माणसाला गाडी चालवायला देताना आणि पैसे घेताना काय काळजी घ्यावी? ज्यांनी अशी गाडी विकली आहे त्यांनी कृपया लिहावे.

जुनी_चाके

दोष अवश्य लिहा, आणि नुसते लिहू नका, त्यांची छायाचित्रेही द्या. एमओटीचा इतिहास नोंदणी क्रमांक टाकून कोणालाही सरकारी संकेतस्थळावर फुकट पाहता येतो. त्यात मैलांचा आकडा आणि प्रत्येक सूचना दिसते, तेव्हा गंज लपवून फक्त तुमची पत जाईल. कायद्याची बाजूही समजून घ्या. व्यापाऱ्यावर 2015 च्या ग्राहक हक्क कायद्याची जी बंधने आहेत ती खासगी विक्रेत्यावर तशीच्या तशी येत नाहीत. पण गाडी तुमच्या वर्णनाप्रमाणे असलीच पाहिजे, आणि खोटे सांगून विकल्यास खरेदीदार तुमच्याकडे भरपाई मागू शकतो. रस्त्यावर चालवण्यास असुरक्षित गाडी विकणे हा तर गुन्हाच आहे. म्हणून ‘एकही दोष नाही’ हे वाक्य, मनातून कितीही वाटले तरी, जाहिरातीत घालू नका.

तुमच्या गाडीचा गिऱ्हाईक हा इंजिनासाठी येणारा माणूस असतो. हे इंजिन त्याचे रचनाकार अभियंते ज्युझेप्पे बुस्सो यांच्या नावाने ओळखले जाते. मिलानजवळच्या आरेझे कारखान्यात त्याचे उत्पादन 2005 च्या अखेरीस थांबले आणि त्यानंतर काही दिवसांतच, जानेवारी 2006 मध्ये, बुस्सो वारले, ही गोष्ट असे गिऱ्हाईक तुम्हालाच ऐकवील, ऐकून घ्या. बॉनेटखालच्या त्या सहा चकचकीत नळ्यांचे छायाचित्र पहिले लावा आणि दुसरे, माझ्या मते, कॅमबेल्टच्या पावतीचे असावे, ज्यात तारीख आणि मैल स्पष्ट वाचता येतील. पट्टा तुटला तर या इंजिनात व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात, त्यामुळे जाणकार माणूस रंगापेक्षा त्या कागदाला अधिक मोल देतो. शिवाय गिऱ्हाईक येण्यापूर्वी इंजिन सुरू करून ठेवू नका. जाणकार आधी बॉनेटवर हात ठेवून पाहतो, आणि ते कोमट लागले की थंड इंजिनाचा काही दोष लपवला असावा, असा त्याचा संशय सुरू होतो.

मँचेस्टरचा_मामा

वरील सर्व मान्य आहे. मी फक्त माझी फजिती सांगतो. काही वर्षांपूर्वी माझी गाडी पाहायला दोघे आले. एकाने मला डिकीपाशी नेऊन स्टेपनी, जॅक, सर्व्हिसचे पुस्तक यांविषयी बोलण्यात गुंतवले आणि दुसरा बॉनेट उघडून ‘जरा बघतो’ म्हणत उभा राहिला. मग चक्कर मारून परतल्यावर त्याने कूलंटच्या डब्याचे झाकण काढले, तर आत वर काळसर तेलाचा तवंग! हेड गॅस्केट (इंजिनात तेल आणि कूलंट वेगळे ठेवणारी पट्टी) गेले, दुरुस्तीला हजारो पौंड लागतील, तरी आम्ही निम्म्या किमतीत घेऊन जातो, असे त्यांनी मोठ्या सहानुभूतीने सांगितले. मी जवळजवळ हो म्हणणार होतो, पण सौ.ने ‘उद्या सांगतो म्हणा’ असे बजावले. दुसऱ्या दिवशी मेकॅनिकने पाहिले तर तेल फक्त त्या डब्यात होते, आणि गॅस्केट ठणठणीत होते. डबा धुऊन, कूलंट बदलून गाडी पुढे चार वर्षे मीच चालवली. ही युक्ती या देशात बरीच जुनी आहे, हे मला नंतर समजले.

तेव्हा एकाहून अधिक माणसे आली तर घरातले कोणी तरी सोबत घ्या, आणि बॉनेटजवळून हलू नका. चालवायला देण्यापूर्वी परवाना पाहा. अनेकांच्या विम्यात दुसऱ्याची गाडी चालवण्याची सोय असते, पण ती सहसा त्रयस्थाच्या नुकसानीपुरतीच असते, म्हणजे तुमची जीटीव्ही भिंतीवर आदळली तर तुम्हाला काहीच मिळत नाही. त्याला एका दिवसाचा पूर्ण विमा काढायला सांगा. जागा बदलताना किल्ली तुमच्या खिशात असू द्या.

पावती_जपणारा

पैशांबद्दल: ड्राफ्ट खोटे असू शकतात, म्हणून बँक ट्रान्सफरच घ्या. आधी एक पौंड पाठवायला सांगून तो आल्याची खात्री करा आणि मग उरलेली रक्कम घ्या. रक्कम जमा झाली की नाही हे तुमच्या ॲपमध्ये पाहा. त्याच्या फोनवरचे चित्र हा पुरावा नव्हे. मोठी रक्कम बँक कधी कधी तपासणीसाठी रोखून धरते, त्यामुळे तोवर चहा पाजा, पण किल्ली देऊ नका.

लॉगबुक (गाडीच्या नोंदणीचा सरकारी कागद) म्हणजे मालकीचा पुरावा नव्हे, तेव्हा दोन प्रतींत स्वतंत्र पावती लिहून त्यावर तारखेबरोबर वेळही घाला. त्या दिवशी संध्याकाळी कॅमेऱ्यात वेग टिपला गेला तर ती वेळच उपयोगी पडते. लॉगबुकातील हिरवी चिठ्ठी खरेदीदाराला द्या आणि 11 अंकी संदर्भ क्रमांक वापरून डीव्हीएलएला (वाहन नोंदणीच्या सरकारी खात्याला) त्याच्या समोरच ऑनलाइन कळवा. न कळवल्यास 1,000 पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. रस्ताकर गाडीबरोबर जात नाही. उरलेल्या पूर्ण महिन्यांचा परतावा तुम्हाला मिळतो, आणि नव्या माणसाने निघण्यापूर्वी स्वतःचा कर भरायचा असतो. लंडनचे गिऱ्हाईक असेल तर दिवसाला साडेबारा पौंडांचे प्रदूषण शुल्क लागू आहे का, हे त्याला आधीच तपासायला सांगा, नाही तर तो विषय नेमका घासाघीस करताना निघतो. मोटारीच्या विक्रीवर येथे भांडवली नफा कर नाही, ती चिंता सोडा.

लेस्टरकर

सर्वांचे आभार. काल गाडीखाली चटई टाकून सिलच्या गंजाची चार छायाचित्रे काढली. गुडघ्यांनी बराच निषेध नोंदवला. जाहिरात संध्याकाळी दिली आणि सकाळी डर्बीच्या एका गृहस्थांचा फोन आला. त्यांनी किमतीविषयी अवाक्षर काढले नाही, पट्टा बदलला तेव्हा टेन्शनरही (तो ताणून धरणारा भाग) बदलला होता का, एवढेच विचारले. पावतीत पाहिले तर होता. शनिवारी सकाळी येत आहेत. शुक्रवार रात्रीपासून गाडीला किल्ली लावायची नाही, हे घरात सर्वांना सांगून ठेवले आहे.