पट कमी म्हणून शाळा बंद करायची, तर आधी पालकांच्या समितीला विचारलं का?

सत्तरीकर:
काल आमच्या गोव्यातल्या गावच्या ग्रुपवर एका गृहस्थांनी लिहिलं: "दहा मुलांसाठी एक इमारत, एक मास्तर, वर्षाचा लाखोंचा खर्च. असल्या सरकारी प्राथमिक शाळा बंद करा, मुलं मोठ्या शाळेत न्या. पालकांनाच नको असतील तर सरकारने का चालवाव्यात?" खाली लगेच अंगठ्यांची रांग. दोन ओळींत उत्तर देणं शक्य नव्हतं, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

पालकांना नको आहेत, हे कोणी ठरवलं? शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 21 नुसार प्रत्येक सरकारी शाळेला व्यवस्थापन समिती असते. तीन चतुर्थांश सदस्य पालक, एकूण सदस्यांत निम्म्या महिला. कलम 22 म्हणतं, शाळेचा विकास आराखडा याच समितीने करायचा. मी आमच्या वाड्यावरच्या, म्हणजे वस्तीवरच्या, शाळेच्या समितीवर होतो. गणवेश मिळाले, सही करा. माध्यान्ह आहार आला, सही करा. आराखडा वरूनच भरून यायचा, त्यावरही सही करा. शाळा दुसऱ्या शाळेत विलीन होणार, हे मात्र आम्हाला पेपर वाचून कळलं.

आणि "एकच मास्तर" हे कारण तर ऐकवतच नाही. त्याच कायद्याच्या परिशिष्टात साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक सांगितले आहेत. दुसरा शिक्षक सरकार देत नाही, म्हणून पालक मुलं काढतात, पट उतरतो आणि उतरलेल्या पटावर बोट ठेवून शाळेला कुलूप लावायचं. यात गावाचा गुन्हा काय?

म्हापशेकर:
कायदा बरोबर सांगितलात. पण त्या खोलीत बसणाऱ्या मुलाचं काय? माझा भाचा तिसरीत वर्गात एकटा होता. एका खोलीत चार इयत्ता, मास्तर निवडणुकीच्या कामावर गेले की पोरं नुसती बसून. खो-खोचा संघ होत नाही, गॅदरिंगला नाटुकलं बसत नाही. बहिणीने चौथीपर्यंत धीर धरला. पाचवीत हायस्कुलात गेला तर सगळं इंग्रजीतून. पहिली घटक चाचणी होईपर्यंत पोराने वर्गात तोंड उघडलं नाही. तुम्हाला शाळा वाचवायची आहे, मला मूल. मोठ्या शाळेत पाच शिक्षक, मैदान, सोबती मिळणार असतील तर विलीनीकरण वाईट का?

पेडण्याचे निवृत्त मास्तर:
म्हापशेकर, पाचवीतली उडी आजची नाही. 1963 नंतर गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्या सरकारने गावोगाव मराठी शाळा उघडल्या. जागा नव्हती तिथे देवळाच्या मंडपात वर्ग भरले. त्या शाळांतून शिकलेली बहुजनांची पोरं पुढे इंग्रजीत गेली आणि डॉक्टर, इंजिनिअर झाली. मी शिकवलेली आहेत, ऐकीव सांगत नाही.

शाळा पटावरून मेल्या नाहीत, अनुदानावरून मेल्या. 1990 मध्ये शशिकलाताई काकोडकर शिक्षणमंत्री असताना ठरलं की प्राथमिक अनुदान प्रादेशिक भाषेतल्या शाळांनाच. 2011 मध्ये दिगंबर कामत सरकारने इंग्रजीला अनुदान देऊन ते मोडलं. 2012 ला सत्ता बदलली, आम्हाला वाटलं आता सुधारेल, पण अल्पसंख्याक संस्थांच्या इंग्रजी शाळांचं अनुदान चालूच राहिलं. फुकटात इंग्रजी मिळाल्यावर मराठी शाळेत कोण येणार?

काणकोणकर:
आलं परत 1990! शाळेचा विषय निघाला की अर्ध्या तासात माध्यमावर गाडी येतेच.

मास्तर, मातृभाषेतल्या शाळांसाठी निघालेल्या मोर्चांत घोषणा देणाऱ्यांची मुलं कुठल्या शाळेत जात होती, हे मी माझ्या वाड्यावर डोळ्यांनी पाहिलं आहे. मातृभाषेचा आग्रह गरिबाच्या पोरासाठी आणि स्वतःचं पोर इंग्रजी शाळेत. शिवाय कुठली मातृभाषा? आमच्या घरी कोकणी. मी पहिलीत बसलो तेव्हा पुस्तकातली मराठी मला परकीच होती. तिला मातृभाषा म्हणून माझ्यावर लादलं, ते कोणाच्या राजकारणासाठी?

पेडण्याचे निवृत्त मास्तर:
लादलं? शब्द जपून वापरा. माझ्या वर्गात सगळी कोकणी बोलणारी पोरं. मी कोकणीतून समजावून सांगायचो, फळ्यावर मराठीत लिहायचो, एकाही आईबापाची तक्रार आली नाही. पेडण्यात घरोघरी मराठीत आरत्या, मराठीत भजन, दशावतार मराठीत. ती भाषा परकी कशी? तुम्हाला ज्या मास्तरांनी अक्षर ओळख करून दिली त्यांचा तरी मान ठेवा.

काणकोणकर:
मास्तरांचा मान ठेवतोच. माझ्या मास्तरांच्या पाया आजही पडतो. पण माझा अनुभव खोटा म्हणू नका. आणि आमच्या भागातल्या शेजाऱ्याने मुलीला इंग्रजीत घातलं, तर त्याला भाषाद्रोही म्हणणारे पुढारी मला नकोत. 2016 मध्ये याच प्रश्नावर रा. स्व. संघाने आपले गोव्याचे प्रमुख सुभाष वेलिंगकर सर यांना पदावरून बाजूला केलं, त्यांचा वेगळा पक्ष निघाला, 2017 ला निवडणूक झाली. शाळेत एक मूल तरी वाढलं का?

फोंड्याची आई:
तुम्ही सगळे भाषेवर भांडताय. माझी गोष्ट ऐका. सरकारी मराठी शाळा घरापासून चालत दहा मिनिटांवर. मी स्वतः तिथेच शिकले. तरी मुलगी तिथे नाही. का? मी कामावर जाते. मूल तीन वर्षांचं झालं की कुठेतरी ठेवावंच लागतं. आमची सरकारी शाळा थेट पहिलीपासून, अंगणवाडी लवकर सुटते. खाजगी केजी दोनपर्यंत, पुढे त्याच संस्थेची प्राथमिक शाळा, मोठ्या वर्गांसाठी बालरथ, म्हणजे शाळेची बस, दारात. एकदा केजीत गेलं की पहिलीला कोण काढून आणतं? मराठी की इंग्रजी हा प्रश्न माझ्यापर्यंत आलाच नाही. बालरथ अनुदानित संस्थांना आणि सरकारी शाळेतलं पोर पावसात चालत. पट तिथेच गळतो हो. आमच्या शाळेत केजी असती तर मुलगी आज तिथे असती. पण हे मला कोणी विचारलंच नाही.

सत्तरीकर:
ताई, हेच समितीच्या आराखड्यात यायला हवं होतं. केजी, दुपारपर्यंत मुलं सांभाळायची सोय, दुसरा शिक्षक. भाषेचा वाद विधानसभेत होईल तेव्हा होऊ दे, या तीन गोष्टी वाड्यावरच्या पालकांना आज मागता येतात.

म्हापशेकर:
समितीला विचारायला हवं, एवढं मान्य. पण पाच मुलांवर शाळा चालवायचीच असं समितीने लिहून दिलं, तर माझा विरोध कायम. एकट्या मुलाचे हाल मी घरात पाहिले आहेत.

सत्तरीकर:
विरोध करा, पण मुलं नेणार कुठे आणि कशी, हेही सांगा. आमच्याकडे जुलैत ओहोळ भरला की पलीकडचा वाडा तुटतो. सहा वर्षांच्या पोराला जंगलातल्या रस्त्याने कोण सोडणार? बस देणार असतील तर लेखी द्या, ती मोडली तर जबाबदार कोण, तेही लिहा. मग समिती विचार करेल.

म्हापशेकर:
बसचं लेखी हवं, हे खरं. पुढचं नाही पटलं.

पेडण्याचे निवृत्त मास्तर:
केजीचं बाईंनी सांगितलं ते मला आधी सुचलं नव्हतं. अनुदानाचं मी सोडणार नाही, पण केजी आजच मागा. आणि बैठकीचं इतिवृत्त मुख्याध्यापकांकडून मागून घ्या. ठराव नोंदवल्याशिवाय खाली सही करू नका.

फोंड्याची आई:
मागते. पण मास्तर, या बैठका नेहमी कामाच्या दिवशी सकाळी अकराला असतात. निम्म्या महिला हव्यात म्हणता, त्या वेळेला आम्ही सगळ्या कामावर. पहिला ठराव बैठक रविवारी घेण्याचा करा.