आस्थापनेचं टेबल मिळालंय, बारक्या गोष्टींना "नाही" कसं म्हणू?

टेबल_क्रमांक_चार:
नमस्कार. चार महिन्यांपूर्वी प्रमोशन झालं आणि आमच्याच ऑफिसची आस्थापना शाखा माझ्याकडे आली. म्हणजे सगळ्यांच्या रजा, जीपीएफ (भविष्य निर्वाह निधी) अ‍ॅडव्हान्स, मेडिकल बिलं, पेन्शन केसेस आता माझ्या टेबलावरून जातात. कालपर्यंत ज्यांच्यासोबत डबा खात होते तेच आज "मॅडम" म्हणत उभे राहतात, खरं सांगते, पहिले काही दिवस बरं वाटलं, मग भीती वाटायला लागली. पैसे मी घेत नाही, घेणारही नाही. पण आमचे शिपाई काका माझ्या मुलाला शाळेतून घेऊन येतात, आधीच्या साहेबांपासूनची पद्धत म्हणून त्यांनी आपणहून सुरू केलं आणि मी अडवलं नाही. त्यात मागच्या आठवड्यात, वारलेल्या एका ड्रायव्हरच्या पत्नी घरी आंब्याची पेटी ठेवून गेल्या, मी घरी नव्हते, सासूबाईंनी घेतली. त्यांची फॅमिली पेन्शनची केस माझ्याकडेच आहे. सहकारी म्हणतात तू एवढी कडक राहिलीस तर आम्ही वाईट दिसतो. काय करू?

कोकणवारा:
आंब्याची पेटी म्हणजे काय लाच नाही हो. आपल्याकडे माणूस प्रेमाने देतो, परत केलीत तर त्या माउलीला अपमान वाटेल. एवढा विचार नका करू.

निवृत्त_लेखनिक:
कोकणवारा, नाही पटलं. जिची पेन्शन अजून सुरूच नाही ती बाई पेटी कशातून आणते? प्रेमाने नाही आणली, कुणीतरी तिला सांगितलंय की हात हलवत गेलं तर फाईल हलत नाही.
ताई, ३१ वर्षं कारकुनी केलीय. या टेबलाची खरी ताकद त्रुटी काढण्यात आहे. एक त्रुटी काढायची, फाईल परत, ती पुरी झाली की दुसरी, मग तिसरी, आणि प्रत्येक वेळी माणूस एसटीने येणार, तुम्ही "साहेब मीटिंगला" म्हणणार. यात एक रुपया घेतला नाही तरी ती सत्ता वापरणंच झालं. माझ्या स्वतःच्या पेन्शन केसमध्ये सेवापुस्तकात, म्हणजे नोकरीच्या नोंदवहीत, एका वर्षाची सेवा पडताळणीची नोंद राहिली होती, पाच मिनिटांचं काम, पण मला तीन हेलपाटे घालायला लावले, आणि घालायला लावणारा माझ्याच हाताखाली शिकलेला पोरगा होता. ते अजून विसरलो नाही.
म्हणून सगळ्या त्रुटी एकाच वेळी, लेखी, एका कागदावर द्या. फाईल आवक नंबरानेच, म्हणजे आली त्या क्रमानेच घ्या, ओळखीची असो नसो. आणि पुढच्या दोन वर्षांत रिटायर होणाऱ्यांची यादी काढून त्यांची सेवापुस्तकं आत्ताच वेतन पडताळणी पथकाकडे (पगार नियमाने ठरलाय का ते तपासणारे) पाठवा, कारण मुंबई किंवा नागपूरला महालेखापालांकडून केस आक्षेप लागून परत आली की महिने जातात आणि तोवर त्या माणसाचा पगार बंद झालेला असतो.

शिपायाचा_मुलगा:
मी फक्त शाळेबद्दल बोलतो. माझे वडील शिपाई होते, साहेबांच्या मुलीला ते क्लासला सोडायचे, मला शाळेत सोडायला मात्र त्यांना कधी वेळ मिळाला नाही. ते पण "आपणहून" करायचे. गोपनीय अहवाल ज्याच्या शब्दावर ठरतो त्याच्यासाठी आपणहून काही नसतं ताई. उद्यापासून बंद करा आणि काकांना तसं नीट सांगा, नाहीतर त्यांना वाटेल त्यांचं काहीतरी चुकलं.

भाजीचा_देठ:
कायद्याचं थोडं. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा १९८८ चा, २०१८ च्या दुरुस्तीनंतर त्यात "अनुचित लाभ" (undue advantage) ही संज्ञा आहे आणि तो पैशापुरता नाही. शिवाय राज्य कर्मचाऱ्यांचे वर्तणूक नियम १९७९ चे आहेतच. आंबे उरले असतील तर परत द्या, संपले असतील तर बाजारभावाने पैसे द्या, आणि कार्यालय प्रमुखांना एक ओळ लेखी कळवा. राज्याचा २००५ चा बदल्यांचा आणि विलंब प्रतिबंधाचा कायदा आहे ना, त्यात फाईल साधारणपणे एका टेबलावर सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त राहू नये असं आहे, ते छापून भिंतीवर लावा, सहकाऱ्यांशी वाद घालायची गरजच नाही.
आणि माझं नाव ज्यावरून घेतलंय ते शिवाजी महाराजांचं १६७६ चं पत्र, कोकणातल्या प्रभावळीच्या सुभेदाराला लिहिलेलं. भाजीच्या देठाचाही मोह नको, एवढंच सगळ्यांना पाठ असतं. पण त्याच पत्रात पुढे सांगितलंय की गावोगाव फिर, ज्याच्याकडे बैल नाहीत त्याला बैलाला पैसे दे, खायला दाणे दे. नुसतं घेऊ नको म्हणून थांबले नाहीत. अधिकार आहे तर आपणहून जा.

टेबल_क्रमांक_चार:
सगळ्यांचे मनापासून आभार. काल शिपाई काकांशी बोलले, मुलाला आता रिक्षा लावलीय. आंब्याचे पैसे घेऊन त्या बाईंच्या घरी गेले, घेईनात, शेवटी घेतले. मग त्यांनी विचारलं, "मॅडम, म्हणजे आता पेन्शन होणार नाही का?" मला काही बोलताच येईना. आज सकाळी त्यांची फाईल उघडली. वारसाच्या अर्जावर फक्त एक सही राहिलीय, दीड महिना कुणी सांगितलंच नव्हतं त्यांना, आणि त्यातले सगळे दिवस फाईल माझ्याच कपाटात होती. उद्या अर्ज घेऊन मीच जाते. लेखनिक काका, एकाच कागदावर त्रुटी देण्याचा तुमच्याकडे नमुना असेल तर पाठवाल का?