हॅलोवीन पार्टीतले खेळ : काय रंगलं, काय फसलं?

यंदा पार्टी आमच्याकडे आहे. न्यू जर्सीतलं बेताचं घर, चौदा मुलं, धाकटं तीन वर्षांचं आणि थोरली पंधराची. गेल्या वर्षी मैत्रिणीकडे सगळ्यांना एकच खेळ होता : डोळे बांधून खोक्यात हात घालायचा. सोललेली द्राक्षं म्हणजे डोळे, गार नूडल्स म्हणजे आतडी. आठ-नऊ वर्षांची पोरं किंचाळून खूश. माझा धाकटा मात्र त्यानंतर महिनाभर नूडल्सना शिवला नाही, आणि मोठी मंडळी जिन्यात फोन घेऊन बसली.
नेटवर याद्या ढिगाने आहेत, त्या नकोत. तुम्ही स्वतः काय खेळवलंत आणि कोण रडलं, ते सांगा.

डब्लिनहून
आमच्याकडे आयर्लंडमध्ये हा सण घरचाच. भोपळे नंतर आले. पूर्वी इथे टर्निप (सलगम) कोरायचे. मेयोतल्या संग्रहालयात तसल्या एका टर्निपची प्लास्टरमधली प्रतिकृती ठेवलीय, त्याच्यापुढे आपला भोपळा अगदी गोंडस दिसतो.
पहिल्या वर्षी हौसेने टबात सफरचंदं सोडली. सफरचंदात जवळजवळ पाव भाग हवा असते, त्यामुळे दात लावला की ते सटकतं, मजा तीच. पण एकाच पाण्यात दहा तोंडं, त्यातल्या एकाला सर्दी. पुढचा आठवडा सगळ्या आया माझ्याशी जरा जपूनच बोलत होत्या.
तेव्हापासून दोरी. सफरचंद टांगायचं, हात पाठीमागे, फक्त दातांनी खायचं. हाही इथला जुनाच खेळ. लहानांसाठी भोकाचा डोनट, त्यांच्या हनुवटीच्या उंचीवर. दहाच्या पुढच्यांना सफरचंद, आणि दोरी मी हलवते. चाळिशीतल्या बाबालोकांनाही हाच खेळ लागतो.
शिवाय बार्मब्रॅक, म्हणजे मनुकांचा गोडसर पाव. त्यात अंगठी दडवतात. जिला मिळेल तिचं वर्षात लग्न. ती मिळाली आमच्या सासूबाईंना! संध्याकाळभर मिरवली त्यांनी. (लहानांना त्यातली फोड देऊ नका, अंगठी गिळली जायची.)

डॅलसहून
पाचच्या आतल्यांसाठी भोपळ्यातली म्हातारी. कपड्यांच्या टोपलीला नारिंगी चादर गुंडाळली की झाला भोपळा. पोर आत बसतं, बाबा ओढतो. वाटेत कोल्हा, अस्वल, वाघ म्हणून मोठी मुलं उभी, ती विचारतात, 'म्हातारे, कुठे चाललीस?' मराठीचा गंध नसलेली शेजारची मुलंही 'टुणूक टुणूक' ओरडत होती. प्रत्येकाला तीनदा बसायचं होतं. बाबाची कंबर धरली, ते वेगळं.
एक चूक आधी केली होती. वाघ मुखवटा घालूनच उभा होता. या वयाच्या मुलांना डोळ्यांदेखत मुखवटा चढवला तरी आतला दादा दिसेनासा होतो. मग मुखवटा लहानग्याच्याच हाताने दादाला घालायला लावला. रडं तिथल्या तिथे थांबलं.
आणि द्राक्षं! या वयाला अख्खी कधीच नाही, घशात अडकतात. उभी चिरून द्या.

सिअ‍ॅटलहून
एवढंच सांगते, बक्षिसं सगळी गोळ्या-चॉकलेटांची ठेवू नका. माझ्या मुलीला शेंगदाणा चालत नाही. प्रत्येक खेळ जिंकायची आणि बक्षीस परत द्यायची. इथे ज्यांच्या दारात मोरपंखी रंगाचा भोपळा असतो, त्यांच्याकडे खाऊशिवाय इतर वस्तूही मिळतात. तसा एक घरात ठेवा. स्टिकर, रबरी कोळी, खोडरबर, काहीही चालतं.

लंडनहून
सहा ते दहाचा गट सगळ्यात सोपा. तिघांची टोळी, दोन टॉयलेट रोल, एकाची ममी करायची. वेळ एका गाण्याइतका. रोल स्वस्तातला आणू नका, पातळ कागद गुडघ्याशीच फाटतो आणि भांडणं होतात. (अनुभव आहे.) मग त्याच ममींना घेऊन विषामृत. भुताने शिवलं की पुतळा, मित्राने 'अमृत' दिलं की सुटका. नियम समजवायला अर्धा मिनिट, आणि खेळ अर्धा तास.
२०२४ साली हॅलोवीनलाच, म्हणजे ३१ ऑक्टोबरला, नरकचतुर्दशी होती. पहाटे अभ्यंगस्नान, संध्याकाळी चेटकिणी. दारात पणत्या, आणि त्यावरून पळणारे जाळीचे झगे! एका झग्याचं टोक पणतीला लागता लागता वाचलं. सगळ्या पणत्या खिडकीत वर नेल्या, भोपळ्यात बॅटरीचे दिवे टाकले.

टोरांटोहून, आईच्या आयडीवरून
मी पंधरा वर्षांची आहे. मराठी आईने तपासलंय. प्लीज आम्हाला 'खेळ' देऊ नका, काम द्या. आम्ही पाच जणांनी गॅरेजमध्ये भूतबंगला केला : पुठ्ठे, जुन्या चादरी, एक ब्लूटूथ स्पीकर. आईची अट एकच, पाच वाजता लहानांची फेरी दिवे लावून, भुतांनी हात हलवून टाटा करायचं. आठनंतर अंधार, तेव्हा मोठे. एक काका खरंच ओरडले. नाव सांगत नाही.
नंतर आम्ही माफिया खेळलो, म्हणजे आपल्यात लपलेले माफिया कोण ते ओळखायचं. हा खेळ १९८६ मध्ये मॉस्कोत एका विद्यार्थ्याने शोधला. पत्ते पुरतात, फोन कोणी काढला नाही.

बॉस्टनहून, मूळ गाव मालवणाकडचं
लेकीकडे सहा महिने आलो होतो. मला कोपऱ्यात बसवलेलं. टीनएजर कंटाळलेले दिसले, म्हटलं दिवे घालवा, एक टॉर्च द्या. चकवा लागून रात्रभर त्याच शेताभोवती फिरलेल्या माणसाची गोष्ट सुरू केली आणि ऐन रंगात टॉर्च शेजारच्याला दिली : आता तू एक वाक्य जोड. टॉर्च चौदा हातांतून फिरली. माझ्या चकव्याला शेवटी उबर मिळाली. मुंजा म्हणजे काय, हे मात्र इंग्रजीत समजावताना घाम फुटला.

पुण्याहून
अमावास्येला तिन्हीसांजेनंतर बाहेर पडू न देणारी आमची आई यंदा सोसायटीच्या भूत-वेशभूषा स्पर्धेची परीक्षक होती. पहिलं बक्षीस हडळीला. पाय उलटे दाखवले म्हणून.

पुन्हा न्यू जर्सीहून
झाली एकदाची! अंधार पडायला सहा वाजतात, म्हणून लहानांचं सगळं साडेचार ते सव्वापाच उरकलं. टोपली-भोपळा तुफान चालला. वाघ आमची थोरलीच होती. जेवणानंतर तीच चेटकीण होऊन गॅरेजमध्ये. डोनटच्या दोऱ्या मात्र मी सगळ्या एकाच उंचीला बांधल्या, धाकट्यांनी खुर्च्या ओढल्या, एक खुर्ची आणि दोन डोनट जमिनीवर. नूडल्सचं खोकं ठेवलंच नाही.
आता गॅरेजच्या भिंतीला कापसाची कोळ्याची जाळी अशी चिकटलीय की निघेना. कोणी काढलीय का कधी?