प्रतिसाद: पांढरा चाफा की सोनचाफा, फुलं नसताना कसं ओळखायचं?

वर विचारलंय की नर्सरीतून आणलेलं रोप सोनचाफा आहे की पांढरा चाफा (मॅग्नोलिया आल्बा, देवचाफा नव्हे), अजून फुलं नाहीत तर कळणार कसं. आणि रंगावर विसंबून तसंही राहू नका, सोनचाफ्यातही फिक्कट क्रीम फुलांची झाडं असतात.

पानाचा देठ बघा. कोवळ्या पानाला गुंडाळून असलेलं टोपरं (उपपर्ण) गळलं की फांदीवर गोल कडं राहतं, ते सगळ्या मॅग्नोलियांत (हे दोन्ही चाफे ज्या गटातले, त्यात) दिसतं, पण या दोघांत देठाच्या वरच्या बाजूलाही व्रण राहतो. सोनचाफ्यात तो बहुतेक वेळा देठाच्या अर्ध्याच्या पुढे जातो, पांढऱ्यात अर्ध्याच्या आतच थांबतो. एक पान बघून ठरवू नका, पाचसहा जून पानं घ्या आणि भिंग असेल तर उत्तमच. पांढरा हा मुळात संकर आहे, सोनचाफा आणि मॅग्नोलिया मोंटाना यांचा, त्यामुळे त्याला सहसा फळं धरत नाहीत. उलट सोनचाफ्याला खडबडीत फळांचे घोस येतात आणि ती उकलली की लालचुटुक बिया दिसतात, फार सुंदर दिसतं ते!

हिमचंपा (मॅग्नोलिया ग्रँडिफ्लोरा) म्हणाल तर त्यात गोंधळच नको, देठावर व्रण नाही, पानं जाड चामड्यासारखी, खालून बऱ्याचदा तांबूस लव आणि फूल फांदीच्या टोकाला. सोनचाफ्याचं पानाच्या बगलेत येतं.

आणि फांदी मोडल्यावर पांढरा चीक आला तर तो देवचाफा, त्याचं कुळच वेगळं. देठाचा जवळून फोटो टाका ना, बघून सांगतो.