स्कॅन नॉर्मल आला तरी लक्ष ठेवा

डोक्याला मार लागल्यावर पहिला सीटी स्कॅन नॉर्मल आला म्हणजे काळजी मिटली, असं कुणी म्हणतं. वयस्कर माणसांच्या बाबतीत हे अजिबात धरून चालू नका. मेंदूच्या आवरणाखाली रक्त हळूहळू साचतं आणि लक्षणं कित्येकदा काही आठवड्यांनी दिसतात. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर धोका जास्तच.

आमचे मामा कोल्हापुरात गंगावेशीत मोपेडवरून पडले, टेंगूळ आलं, उतरलं. पुढच्या महिन्यात नावं विसरायला लागले, डाव्या पायातली चप्पल निसटली तरी त्यांना कळायचं नाही. घरात सगळे म्हणाले, वय झालं आता. परत स्कॅन केला तर उजव्या बाजूला रक्त साचलेलं! कवटीला छोटं भोक पाडून ते काढलं, आणि मामा पुन्हा रंकाळ्यावर फिरायला जायला लागले.