मदत हवी आहे : तापमानाचे सगळे अंश सारख्याच अंतराचे असतात, हे कोणी आणि कशावरून ठरवले?

मुलुंडची_शिकवणी (धागाकर्ती)

नमस्कार. मी मुलुंडला नववी-दहावीच्या मुलांची विज्ञानाची शिकवणी घेते. एका विद्यार्थ्याच्या शंकेचे उत्तर शोधता शोधता मी स्वतःच अडले आहे आणि पुढचे पाठ्यपुस्तकात सापडत नाही, म्हणून हा धागा काढत आहे. जाणकारांनी कृपया प्रकाश टाकावा.

त्याची शंका साधी होती. जानेवारीतल्या एखाद्या दिवशी मुंबईत दुपारी ३२ अंश सेल्सिअस आणि नाशिकला पहाटे १६ अंश असेल, तर मुंबईची दुपार नाशिकच्या पहाटेच्या दुप्पट गरम होती असे म्हणता येईल का? हेच आकडे फॅरनहाइटमध्ये ८९.६ आणि ६०.८ होतात, म्हणजे दुप्पट सोडाच, दीडपटही भरत नाही. आणि केल्व्हिनमध्ये ३०५.१५ आणि २८९.१५ होतात, म्हणजे फरक जेमतेम साडेपाच टक्क्यांचा उरतो. फॅरनहाइटने आपले शून्य बर्फ, पाणी आणि नवसागराच्या मिश्रणावर ठेवले, सेल्सिअसचे शून्य आज आपण पाण्याच्या गोठणबिंदूवर मानतो (खुद्द सेल्सिअसने १७४२ मध्ये उकळत्या पाण्याला शून्य आणि गोठत्या पाण्याला शंभर म्हटले होते, हे मुलांना फार आवडते), आणि केल्व्हिनचे शून्य तेवढे आपल्या सोयीवर अवलंबून नाही, असे मी समजावले. मुलांचे समाधान झाले. माझे झाले नाही.

शून्य कुठे मांडायचे हे ठरले, तरी त्यापुढचे अंश सारख्या अंतराचे आहेत हे कशावरून? काचेच्या नळीत पारा भरून बर्फापाशी एक खूण आणि उकळत्या पाण्यापाशी दुसरी खूण केली आणि मधल्या अंतराचे शंभर सारखे भाग केले, तर आपण पाऱ्याच्या लांबीचे सारखे भाग केले, तापमानाचे नव्हे. तापमान सारखे वाढले की पारा सारखाच प्रसरण पावतो हे आधी ठाऊक असेल, तरच ते भाग तापमानाचे ठरतात; पण ते तपासायला तापमान मोजावे लागेल, आणि मोजायला हातात पुन्हा तोच पारा. या चक्रातून माणसे बाहेर कशी पडली, आणि बाहेर पडली असतील तर तापमापी नेमके काय मोजते?

दादर_पश्चिम

ताई, तापमान म्हणजे कणांची सरासरी गतिज ऊर्जा. ऊर्जेचे सारखे भाग करता येतात, त्यामुळे तापमानाचेही सारखे भाग होतात. प्रश्न इथेच संपतो असे मला वाटते.

मुलुंडची_शिकवणी

आभारी आहे, परंतु हे उत्तर मी स्वतः वर्गात देते आणि तिथेच माझी गाडी अडते. कोणताही थर्मामीटर रेणूंचा वेग मोजत नाही. तो द्रवाची लांबी, वायूचा दाब किंवा तारेचा विद्युत रोध मोजतो. शिवाय रेणूंच्या हालचालीचा हिशेब नीट मांडला जाण्याच्या कितीतरी आधीपासून लोक अंश वापरत होते. त्यांनी कशाच्या भरवशावर वापरले, हे मला हवे आहे.

निवृत्त_प्राध्यापक

आपली शंका अगदी रास्त आहे आणि अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या युरोपीय प्रयोगशाळांना तिने खरोखरच छळले होते. बर्फाला ० आणि वाफेला १०० अशा एकाच रीतीने खुणा केलेल्या दोन तापमापी, एक पाऱ्याची आणि एक अल्कोहोलची, एकाच कोमट पाण्यात बुडवल्या, तर टोकांना जुळणाऱ्या त्या दोघी मध्ये जुळत नाहीत. पारा ५० दाखवत असताना अल्कोहोल ४४ च्या आसपास रेंगाळते. आणि नळीत नुसते पाणी भरले असेल तर ते तिसाच्याही खाली असते. शून्यापासून चार अंशांपर्यंत तर ते प्रसरण पावण्याऐवजी आकुंचनच पावते. यांपैकी खरे कोण, हे या तिघांनाच विचारून कळणार नाही.

झ्याँ-आंद्रे दलुक याने थंड आणि गरम पाणी ठरावीक प्रमाणात मिसळून पाहिले. सारख्या वस्तुमानाची दोन पाणी एकत्र केली तर मिश्रणाचे तापमान बरोबर मध्ये यावे असे धरून त्याने पाऱ्याला कौल दिला. पण एक अंश वाढवायला पाण्याला प्रत्येक ठिकाणी सारखीच उष्णता लागते, हे त्यात गृहीत होते, आणि ते काटेकोरपणे खरे नाही. म्हणजे चक्र मोडले नाही, ते जरा मोठे झाले इतकेच. १८४० च्या दशकात पॅरिसमध्ये रेन्यो या भौतिकशास्त्रज्ञाने वेगळा रस्ता धरला. कोणता थर्मामीटर खरा हे न विचारता, कोणत्या जातीचे थर्मामीटर आपापसांत तरी जुळतात एवढेच त्याने पाहिले. पाऱ्याच्या तापमापींमध्ये काच बदलली की वरच्या तापमानांना आकडे फाकत. हवेच्या तापमापींमध्ये आतली हवा विरळ केली किंवा दाट केली तरी त्या एकमेकींना धरून राहत. मला स्वतःला त्याचा हा संयम भौतिकशास्त्रातल्या पुष्कळ गाजलेल्या कल्पनांपेक्षा मोठा वाटतो. तरीही हवेवर एवढा विश्वास का ठेवायचा, हा प्रश्न उरलाच.

त्याला हात घातला विल्यम थॉमसनने, जो पुढे लॉर्ड केल्व्हिन झाला. फ्रेंच अभियंता कार्नोने १८२४ मध्ये दाखवले होते की दोन तापमानांच्या मध्ये चालणाऱ्या आदर्श इंजिनाची (ज्यात घर्षणासारखी कोणतीही गळती नाही अशा कल्पित इंजिनाची) कार्यक्षमता फक्त त्या दोन तापमानांवर ठरते. आत वाफ आहे, हवा आहे की आणखी काही, याच्याशी तिचा संबंध नसतो. १८४८ मध्ये थॉमसनने म्हटले की मग तापमानाची व्याख्याच या इंजिनावरून करू, म्हणजे कोणत्याही पदार्थाची मिजास सांभाळावी लागणार नाही. आपल्या विद्यार्थ्याचेच आकडे घ्या. ३२ अंशांवर उष्णता घेऊन १६ अंशांवर टाकणारे आदर्श इंजिन कल्पिले, तर त्याने घेतलेल्या प्रत्येक १०० ज्यूलपैकी सुमारे ९४.८ ज्यूल त्याला खाली टाकावेच लागतात आणि कामाला जेमतेम ५.२ मिळतात. १०० आणि ९४.८ यांचे गुणोत्तर हेच ३०५.१५ आणि २८९.१५ यांचे गुणोत्तर आहे. साडेपाच टक्क्यांचा भौतिक अर्थ एवढाच, आणि तो पक्का आहे.

आता आपल्या मूळ प्रश्नाचा गाभा. १८४८ ची थॉमसनची पहिली श्रेणी आजच्यासारखी नव्हती. तिच्यात अंशांची मांडणी अशी होती की निरपेक्ष शून्य उणे अनंतावर जाऊन पडे. उष्णतेच्या गुणोत्तराइतकेच तापमानांचे गुणोत्तर, ही आजची मांडणी त्याने १८५४ मध्ये शास्त्रज्ञ जेम्स ज्यूलच्या सोबतीने स्वीकारली, आणि ती विरळ वायूच्या तापमापीशी जवळजवळ तंतोतंत जुळते. दोन्ही श्रेण्या वेगळ्या असल्या तरी आपापल्या जागी सुसंगतच आहेत. यावरून मी असे म्हणेन की कोणती वस्तू अधिक तप्त आहे, म्हणजे उष्णता कुठून कुठे वाहील, हे निसर्ग ठरवतो. त्यात आपल्याला मत नाही. दोन अंशांमधले अंतर मात्र आपण निवडलेले आहे. निवड वाटेल तशी नाही, कारण याच निवडीने इंजिनाचे, वायूचे आणि पुढे रेणूंचे नियम सर्वांत सुटसुटीत लिहिता येतात. पण ती निवड आहे. दादर_पश्चिम यांचे विधान साध्या वायूंच्या बाबतीत बरोबर आहे, परंतु ते या निवडीनंतर येते, आधी नव्हे.

मापाडी

प्राध्यापक साहेबांनी पाया सांगितला, मी कारखान्याकडची बाजू सांगतो. अंधेरीत उपकरणांचे कॅलिब्रेशन (त्यांचे आकडे प्रमाणाशी ताडून पाहणे) करणाऱ्या एका प्रयोगशाळेत मी काम करतो. आमच्याकडे कार्नोचे इंजिन नाही आणि कोणाकडेच नसते. आमच्याकडे असते ती काचेची एक बंद नळी, जिच्यात अतिशय शुद्ध पाणी, त्याचा बर्फ आणि त्याचीच वाफ एकत्र नांदतात. पाण्याच्या या त्रिक बिंदूचे तापमान ०.०१ अंश सेल्सिअस, आणि १९५४ पासून ते २७३.१६ केल्व्हिन धरून केल्व्हिनची व्याख्या केली जात होती. २० मे २०१९ पासून व्याख्या बदलली: आता तापमान आणि ऊर्जा यांना जोडणाऱ्या बोल्ट्झमन स्थिरांकाची किंमत १.३८०६४९ गुणिले दहाचा उणे तेविसावा घात, ज्यूल प्रति केल्व्हिन, अशी कायमची ठरवून टाकली आहे आणि पाण्याचा त्रिक बिंदू ही मोजायची गोष्ट झाली आहे. आमच्या रोजच्या कामात मात्र १९९० ची आंतरराष्ट्रीय श्रेणी चालते, जिच्यात गॅलियम, कथील, जस्त, ॲल्युमिनियम यांचे वितळण्याचे किंवा गोठण्याचे बिंदू ठरलेले असतात आणि मधली जागा प्लॅटिनमच्या तारेने भरतात. या श्रेणीवर पाणी शंभराला नव्हे, ९९.९७ अंशांना उकळते, हेही मुलांना सांगा.

ताईंची शंका आमच्या टेबलावर रोज दिसते. औषध कंपन्यांकडून येणाऱ्या नेहमीच्या प्रोबचा, म्हणजे प्लॅटिनमची तार असलेल्या तापमान मोजणाऱ्या सळईचा, रोध ० अंशांना १०० ओहम आणि १०० अंशांना १३८.५१ ओहम असतो. अंश आणि ओहम बरोबरीने चालत असते, तर ५० अंशांना तो ११९.२५ आला असता, कोष्टकात ११९.४० आहे. तेवढ्या फरकाची किंमत सुमारे ०.४ अंश होते, आणि लसींच्या शीतपेटीसाठी ती थोडी नव्हे. प्लॅटिनमसुद्धा सरळ रेषेत चालत नाही. ते किती वाकडे चालते हे वायू-तापमापीवरून आधी मोजून ठेवले आहे, म्हणून समीकरणाने दुरुस्ती करता येते.

आणखी एक. प्रोब फक्त स्वतःचे तापमान सांगतो. खिडकीच्या ग्रिलला उन्हात टांगलेला थर्मामीटर हवेचे नव्हे, तापलेल्या काचेचे तापमान दाखवतो. कुलाबा आणि सांताक्रूझच्या वेधशाळांमध्ये तो झडपांच्या पांढऱ्या पेटीत सावलीत ठेवतात, ते याचसाठी.

उकाडा

पण मग सांताक्रूझला ३४ अंश असताना जीव नकोसा होतो आणि नागपूरला तेवढ्याच अंशांत माणसे आरामात असतात, ते का? हवामान खातेसुद्धा उष्णतेच्या लाटेसाठी मैदानी भागात किमान ४० आणि किनाऱ्यावर ३७ अंश धरते.

मुलुंडची_शिकवणी

ती आर्द्रतेची करामत आहे: घाम सुकला नाही की शरीरातली उष्णता बाहेर पडत नाही, आणि आपल्याला जाणवतो तो उष्णता जाण्याचा वेग, तापमान नव्हे. त्यावर वेगळा धागा काढावा अशी विनंती, कारण तो विषय मोठा आहे.

प्राध्यापक सर आणि मापाडी, आपले मनःपूर्वक आभार. ‘क्रम निसर्गाचा, अंतर आपल्या निवडीचे’ ही मांडणी मी वर्गात नक्की घेईन. शेवटची मदत: पारा न वापरता, शिकवणीच्या खोलीत, पदार्थ बदलला की अंश बदलतात हे डोळ्यांना दिसेल असा एखादा प्रयोग सुचवाल का?

निवृत्त_प्राध्यापक

अवश्य. पाण्याचाच थर्मामीटर करा. १०० मिलीलिटरची काचेची बाटली घ्यावी (प्लॅस्टिकची नको, ती स्वतःच फार फुगते), रबरी बुचातून चार मिलिमीटर आतल्या व्यासाची तीसेक सेंटिमीटर लांब काचेची नळी बसवावी, आणि आधी उकळून गार केलेले पाणी काठोकाठ भरावे, म्हणजे विरघळलेल्या हवेचे बुडबुडे त्रास देणार नाहीत. पोटॅशियम परमँगनेटचा एखादा कण टाकला तर पातळी लांबूनही दिसेल. बाटली पातेल्यातल्या पाण्यात ठेवून १० अंशांना एक खूण आणि ८० अंशांना दुसरी खूण करावी. दोहोंमध्ये वीस सेंटिमीटरच्या आसपास अंतर पडेल. मग पट्टीने बरोबर मधोमध तिसरी खूण करून मुलांना विचारावे की इथे किती अंश असतील. सगळे ४५ म्हणतील. त्यानंतर पातेल्यातले पाणी ४५ अंशांवर आणून बाटली त्यात पुरेसा वेळ राहू द्यावी. पातळी मधल्या खुणेपर्यंत येणार नाही. ती साधारण एक-तृतीयांश उंचीवर थांबेल. पातेल्यातले पाणी सतत ढवळत राहा आणि ८० अंशांच्या वेळी मुलांना जरा लांब उभे करा.